मास्टरांच्या पोटरीचं फिटिंग

देवानं माणसं घडवली, पण फिटिंग घाईत उरकलं, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मी पाहिला: भद्रावतीचे आमचे टेलरमास्टर. त्यांच्या गळ्यातली टेप नुसती शोभेची. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत नजरेनंच माप घेऊन मोकळे. "पोस्टबाबू, दिवाळीपासून दोन इंच वाढून राह्यले तुमी. वैनीले सांगा, साखरेचा डबा लपवा," हे ते मला भर दुकानात, चार बायांसमोर ऐकवत. मुलानं मशीनसाठी मोटर आणली, तर ती त्यांनी फळीवर टाकली. "मोटर लावली का मशीन पळते न् आपण तिच्या मागं धावतो."

मग लकवा आला. हात वाचले, जीभ तर जास्तच धारदार झाली. पण उजवं पाऊल आत वळलं, टाच टेकेना. टाचेशिवाय पायडल कसं चालणार? शेवटी मोटर बसली. मास्टर तिच्यावर शिवत, पण सवतीच्या घरी जेवायला बसल्यासारखं तोंड करून.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, आखडलेल्या पोटरीत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊ, स्नायू सैल पडेल. सोबतीला मी होतो. मास्टरांनी पायजमा वर केला, तर पोटरीवर मार्किंगच्या खडूनं तीन फुल्या! "डॉक्टरसाहेब, इथी टाइट आहे. पण बेतानं सोडा. जास्ती सोडाल त झोल पडन." हसू आवरेपर्यंत डॉक्टरांना सुई खाली ठेवावी लागली.

खरा गाढवपणा माझा. दुसऱ्याच दिवशी मी मोटरचा पट्टा काढून पायडलला चढवला, पेढे आणले, गल्ली गोळा केली. पाऊल जागचं हललं नाही. मास्टर म्हणाले, "असर व्हायले आठ-दहा दिवस लागन, डॉक्टर बोलला होता. तुमी तवा कुठी होते?" मी तेव्हा दवाखान्याबाहेर कचोरी खात होतो. "पोस्टात बी असंच करता का? पत्र यायच्या पयले सही?" गल्लीनं पेढे मात्र खाल्ले.

पुढे रोज पोटरी ताणायचा व्यायाम, शिव्या देत. पंधरवड्यानं एका दुपारी मी गेलो, तर टाच पायडलवर टेकलेली आणि मशीन खडखडत होती, हळू, अडखळत. आतून मास्टरांच्या बायको, आमच्या भाभी, म्हणाल्या, "कपडा त इथीच पडला हाय. काय शिवून राह्यले?"

"काई नाई. नुसती चालवून राह्यलो. औषध तीनेक महिनेच टिकते म्हणे. तवर तू हा आवाज ऐकून घे."

भाभींनी स्टोव्ह बंद केला आणि ओल्या हातांनी दाराशी येऊन बसल्या. मीही पायरीवर बसलो.