अक्काच्या पोटी वाढलेली आमची लेक

श्रावण नुकताच लागला होता. धुळ्याहून फोन आला, "अक्का गेली." कावीळ अंगावर काढली होती म्हणे. मी पिठाचे हात तसेच घेऊन उभी राहिले. चार वर्षांची माझी लेक अंगणात खेळत होती. तिला नऊ महिने पोटात वाढवलं होतं ते अक्कानं.

कमलअक्का माझी नणंद, नवऱ्याची थोरली आणि एकुलती बहीण. धुळ्याजवळच्या खेड्यात दिलेली, दोन मुलांची आई, बोलायला फटकळ. माझं पहिलं बाळंतपण बिघडलं, मूल गेलं आणि पिशवीही काढावी लागली. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, बीज तुम्हा दोघांचंच, वाढवायला फक्त दुसरीचं पोट हवं. आमच्याकडे असलं कुणी ऐकलंही नव्हतं. मी रडत रडत हे सांगत होते आणि अक्का चुलीवर वांगी भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "मनं पोट शे ना, वहिनी. दुसरी कसाले धुंडस?"

तिचे यजमान नाना भला माणूस, ते लगेच हो म्हणाले. पण अक्काच्या सासूला कोण सांगणार? म्हणून अक्काला उपचारासाठी जळगावला ठेवलंय असं कळवून आम्ही तिथल्याच मेहरूण भागात खोली घेतली. मुलं आजीजवळ राहिली. दिवाळीला ती भेटली नाहीत, त्या दिवशी अक्का जेवली नाही. लेक झाली तेव्हा मूल दत्तक घेतलं असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.

घात केला तो बारशानं. आमच्याकडे नाव आत्याच ठेवते, आणि सख्खी आत्या ही एकच. न बोलावून कसं चालेल? अक्का पाळण्यावर वाकली, कानात नाव सांगितलं, आणि पोर रडायला लागली. अक्काच्या चोळीवर दुधाची ओल पसरली. तिच्या पाठीत धपाटे घालायला उचललेले बायकांचे हात तसेच राहिले... तिच्या सासूनं पाळण्याची दोरी सोडून दिली.

नानांनी मग आईला सगळं उलगडून सांगितलं. म्हातारीनं धरून ठेवलं ते एवढंच, भावाचं बीज बहिणीच्या पोटात. तेव्हापासून घरच्या कानबाई देवीच्या नैवेद्याला अक्काला हात लावू दिला नाही. मी गावात येऊन खरं काय ते चारचौघांत सांगते म्हटलं, तर अक्कानंच अडवलं. "राहू दे वहिनी. माले बोलनात ते बोलनात, पोरले नको."

आमच्याकडे आली तरी पोरीला आपणहून उचलायची नाही. मी दिली की घ्यायची, मागितली की लगेच परत करायची. तेव्हा मला त्यानं बरं वाटायचं. आता तेच आठवून जेवण जात नाही.

गेल्या आठवड्यात पोरीला घेऊन मेहरूणला गेले. का, ते मलाही सांगता यायचं नाही. त्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. शेजारच्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पोरीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "ही कमलचीच ना? आई कुठे हिची?"

पोर माझं बोट धरून उभी होती.

"तिचीच," मी म्हटलं. "ती गेली, आजी... श्रावणात."

अक्काला हिची आई म्हणणारं एक तरी माणूस मला भेटलं होतं, आणि त्याला खोटं पाडणं माझ्यानं झालं नाही.