जपानी मामांचं बोट

जपानी मामा कुठलंही काम केलं की त्याच्याकडे बोट दाखवून ते मोठ्यानं बोलून दाखवायचे. जालन्याहून आमच्या बौद्ध वस्तीकडे येताना रेल्वेचं फाटक लागायचं. तिथं ते फाटकवाले होते. फाटक पाडलं की उजवा हात सरळ ताणून ओरडायचे, "फाटक बंद! बराबर!" मग बोट सिग्नलकडे जायचं, मग रुळांकडे, मग थांबलेल्या माझ्या बैलगाडीकडे. "ज्वारीची गाडी, लाइनीच्या बाहेर! बराबर!" पहिल्या दिवशी मला राग आला. राग मला लवकरच येतो.

ही सवय ड्यूटीपुरती नव्हती. घराला कुलूप लावलं की बोट, चूल विझवली की बोट. मामी वैतागायच्या. "ताटात भाकर वाढली तरी भाकरीला बोट दाखवून मला सांगतेत. मीच वाढली ना?" मामा शांतपणे म्हणायचे, "डोळ्याला दिसतंय म्हणूनच माणूस गाफील राहतंय. तोंडानं म्हणलं की ध्यान येतं."

हे त्यांना शिकवलं एका जपानी भिक्खूंनी. अजिंठा पाहून नागपूरला निघालेले ते भिक्खू बस बंद पडली म्हणून मामांच्या फाटकाशेजारच्या गुमटीत दुपारभर बसले होते. मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, की त्यांचा भाऊ एका रेल्वेवर गार्ड आहे. ओसाका नावाच्या मोठ्या शहरातून नोकरीवाल्यांची रोज ने-आण करणारी ती गाडी. तीच पुढे डोंगरात शिरते, बोगद्यामागून बोगदे ओलांडते आणि कोयासान या बौद्धांच्या पवित्र डोंगराच्या पायथ्याशी थांबते. तिथून वर डबा दोरानं ओढून नेतात. त्या देशात रेल्वेची माणसं असं बोट दाखवून, मोठ्यानं बोलून काम करतात, म्हणजे चूक होत नाही. भिक्खूंनी पेन्सिलीनं त्या लाइनीचा नकाशा काढून दिला. मामांनी तो गुमटीत ड्यूटीच्या तक्त्याशेजारी खळीनं चिकटवला, आणि त्या दिवसापासून ते जपानी मामा झाले.

पायथ्याच्या स्टेशनचं नाव त्यांनी पाठ केलं होतं. गोकुराकुबाशी. त्याचा अर्थ म्हणे स्वर्गाचा पूल. "स्वर्गबिर्ग आपण मानत न्हाई," मामा सांगायचे, "पण पूल चांगलाय. तो राहू द्या."

फाटकापाशी आमची रोज वादावादी व्हायची. मी डोक्यावर मिरचीचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार फिरलेला माणूस. जुन्या जालन्यात भुसाराचं दुकान टाकणारा आमच्या वस्तीतला पहिलाच. धान्याच्या मोंढ्यात दहा मिनिटं उशीर झाला की चांगला माल दुसरा उचलायचा.

"मामा, गाडी अजून दिसत बी न्हाई. खोला की!"

"शेठ, तुम्हाला दिसत न्हाई. फाटकाला दिसती."

"तुमचं फाटक लई शहाणं!"

"म्हणून तर सरकारनं त्याला मधी उभं केलंय, अन् तुम्हाला बाजूला."

हात उगारावासा वाटायचा, आणि हसू यायचं. तेव्हा भरबाजारात मला शेठ म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. मामा ते थट्टेनं म्हणत नसत.

त्या नकाशाचं वेड त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. डोंगराचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं, कौतुक गाडीचं होतं. "डबा घेऊन हापिसाला जाणारं माणूस अन् डोंगराला जाणारं माणूस एकाच बाकावर! सणाची वाट बघायला नको, का सुट्टी काढायला नको. शेठ, आपल्या प्यासिंजरनं बी मास्तर जातेत, मजूर जातेत. त्यांना रोज दिसंल असं आपलं काही लाइनीच्या कडंला न्हाई."

फाटकापुढे लाइनीला लागूनच एक टेकडी होती. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मामांनी वस्तीत विषय काढला, की विहार बांधायचा तो या टेकडीवर. वस्तीनं मान डोलावली. टेकडी होती एका पाटलांची. खरेदीची बोलणी करायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणाकडे जाणार?

मी बैलबाजारात शिकलेला माणूस. तिथं रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, बाजूच्यालाही कळत नाही. मला पाहिजे आहे हे समोरच्याला कळलं, की सौदा गेला. निघताना मी मामांना बजावलं, "तिथं तुम्ही तोंड उघडायचं न्हाई." मामा म्हणाले, "बिलकुल न्हाई."

पाटलांनी आम्हाला टेकडीच्या पायथ्याशीच बोलावलं. मी सुरुवात केली. नुसता मुरूम आहे, कुसळ उगवत नाही, शेळी चढली तर उपाशी उतरंल. आम्हाला खालच्या अंगाच्या दोन जागा दाखवल्यात, ही आपली सहज बघायला आलो. पाटील ऐकत होते. आता ते ढिले पडणार असा माझा अंदाज होता. अजून तीन-चार बैठका, आणि टेकडी अर्ध्यात आली असती.

तेवढ्यात मामांचा उजवा हात वर गेला. मी त्यांचा सदरा ओढला, पण उशीर झाला होता. टेकडीच्या माथ्याकडे बोट ताणून ते फाटकावरच्या आवाजात ओरडले, "हीच जागा! दुसरी नको! बराबर!"

पाटलांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लगेच एक आकडा सांगितला आणि म्हणाले, "यात कमी-जास्ती न्हाई. पटलं तर घ्या."

परतताना मी मामांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ते मान खाली घालून चालत होते. शेवटी म्हणाले, "शेठ, हात आपोआप गेला. वीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस हाये मी. समोर दिसतंय ते न्हाई म्हणायला जमलं न्हाई."

वस्तीनं जमवलेला पैसा त्या भावाला पुरेना. मामांनी कुणाला न विचारता निवृत्तीनंतरच्या घरासाठी घेऊन ठेवलेला प्लॉट विकला. मला खरेदीखताच्या दिवशी कळलं. तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर मी त्यांना धरलं.

"अहो, चार बैठका थांबले असते तर प्लॉट बी राह्यला असता अन् टेकडी बी!"

"तुमची चिडचिड पटती मला, शेठ. पण मला हे नोकरीत असताना व्हायला पाहिजे होतं. प्यासिंजर टेकडीपुढून जाताना मी फाटकावर पाहिजे."

विहार उभा राहिला, आणि तेवढं त्यांना मिळालं. निवृत्तीच्या आधी शेवटचं वर्षभर ते फाटक पाडायचे, गाडी पुढं गेली की विहाराकडे बोट करायचे, आणि डब्यातली माणसं त्या बोटाच्या रोखानं बघायची. काही हात जोडायची. मग क्वार्टर सोडायची वेळ आली. राहायला जागा नव्हती. लेक तीर्थपुरीला दिलेली, तिच्याकडे निघाले. तीर्थपुरीला रेल्वे नाही. जन्मभर रुळाला कान लावून राहिलेला माणूस एका वाक्यापायी तिकडे चालला, हे मला सोसवत नव्हतं. सामान माझ्याच टेम्पोतून गेलं. पण खरेदीखताच्या दिवसापासून धरलेला अबोला मी सोडला नाही.

"किती दिवस धराल, शेठ?" टेम्पोत चढताना त्यांनी विचारलं.

"तुमचा प्लॉट परत येईल त्या दिवशी सोडीन," मी म्हणालो.

ते हसले. पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचा निरोप आला.

मामांच्या नावानं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला विहारात माणूस मावत नव्हता. पाटीलही आले होते, मागं भिंतीला टेकून बसले होते. कार्यक्रम आटोपल्यावर मी त्यांना बाहेर गाठलं. मनातलं एकदा ओकायचंच होतं. म्हणालो, "पाटील, त्या दिवशी मामा बोलले नसते तर मी अर्ध्यात घेतली असती. त्या माणसाचं घर वाचलं असतं."

पाटील म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला न्हाई म्हणायलाच आल्तो. ह्या टेकडीवर माझ्या बापानं गुरं राखली. तुम्ही तिला मुरूम म्हणून राह्यले, कुसळ म्हणून राह्यले. मी उठायलाच झाल्तो. तेवढ्यात त्या माणसानं बोट दाखवलं. मला वाटलं, ह्याला खरंच पाहिजे. मंग जो कुणालाबी सांगितला असता तोच भाव सांगितला. प्लॉट इकल्याचं मला लई मागून कळलं."

माझा आवाज चढला. माणसं वळून बघायला लागली. "मंग इतकी वर्षं सांगितलं का न्हाई? मी त्या माणसाशी बोलणं टाकलं होतं! एका शब्दानं सांगायचं मला!"

पाटलांनी पायात वहाणा घातल्या आणि म्हणाले, "तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही जवा भेटला तवा भावच इचारला."