मुरलेला ट्रम्पेट

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही, पण बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात म्हणून गल्लीनं त्यांना मास्तर करून टाकलं होतं. अंगावर मांस नावाला, पण फुंकायला लागले की समोरच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. आवाज घोगरा, जरासा फाटका. असा सूर दुसऱ्या कुणाच्या बापाला काढता यायचा नाही, असं खालच्या मजल्यावरचा शिंपी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

ट्रम्पेट होता त्यांना वाजवायला शिकवणाऱ्या उस्तादांचा. तो हातात देताना उस्तादांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. श्वास घ्यायला ओठ उचलायचे नाहीत, नळीतूनच ओढायचा. आणि वाद्याला पाणी दाखवायचं नाही. "मुरू दे," म्हणाले. मास्तरांनी इमानेइतबारे मुरवला. पुढे उस्ताद खोकत खोकतच गेले, तेव्हा मास्तरांना वाटलं, थोर वाजवणाऱ्याला खोकला असायचाच. स्वतःला लागला तेव्हा तर मनातून जरा बरंच वाटलं.

मग प्रकरण हाताबाहेर गेलं. जिना चढताना मध्येच पायरीवर फतकल मारायची पाळी आली. वाजवून आले की हुडहुडी आणि ताप. दवाखान्यात ठेवलं की गडी टुणटुणीत, घरी येऊन ट्रम्पेट तोंडाला लावला की पुन्हा तेच रडगाणं. दोनदा असं झाल्यावर मास्तरांनी निदान करून टाकलं: दवाखान्याची हवा चांगली, घरातली बायकोच्या बडबडीनं बिघडते.

बायको ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. त्या भोंग्याचा कुबट वास लग्नापासून तिच्या डोक्यात जायचा. तिसऱ्या खेपेला तिनं तो पिशवीत कोंबला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन आदळला. बाईंनी नाक जवळ नेलं, झटक्यात मागे घेतलं आणि विचारलं, हा शेवटचा कधी धुतला होता?

"कधीच नाही," मास्तर म्हणाले. आपल्याला सुपारीचंही व्यसन नाही हे सांगावं, त्या तोऱ्यात.

बाईंनी नळीत कापूस फिरवला, तो हिरवा-काळा होऊन बाहेर आला. तपासणीत बुरशी निघाली. मास्तर श्वासागणिक तिची धूळ आत ओढत होते आणि फुप्फुसं तिच्यावर चिडून सुजत होती. थोडा भाग कडक झालाय, तो परत यायचा नाही, बाकीचा वाचेल, असं बाईंनी स्पष्टच सांगितलं. औषधं घ्या, काही महिने वाजवणं बंद, मग वाद्य स्वच्छ धुवा आणि ओठ उचलून श्वास घ्या. नाहीतर ट्रम्पेट उरेल, मास्तर उरणार नाहीत.

मास्तर तोंड फुगवून घरी आले. धुवायचं म्हणजे उस्तादांना मोरीत ओतायचं. शिवाय सूर गेला तर? बँड त्यांना बोलवायचा तो त्या घोगऱ्या आवाजासाठीच. औषधांनी खोकला उतरला, जिना एका दमात चढता यायला लागला, तरी ट्रम्पेट आपला कपाटावरच.

"उस्तादांना कुणी धुवा म्हणालं नाही," शेवटी बायको म्हणाली, "म्हणून गेले ते." आणि साबणाच्या पाण्याची बादली समोर ठेवून तिथेच बसून राहिली.

मास्तरांनी धुतला. गाळ निघाला तसे हमसून रडले. बायको उठली नाही. दोन दिवस वाळवून त्यांनी तो ओठांना लावला. सूर आला तो कोरा, पातळ, नवशिक्याचा. घोगरेपणाचा मागमूस नाही. पण ओठ उचलत, श्वास घेत, मास्तर अख्खी चाल शेवटपर्यंत वाजवून गेले. किती वर्षांनी, त्यांनाही आठवेना.

खालून शिंप्याची हाक आली. "वहिनी, मास्तर बरे आहेत ना? हे कोण नवखं वाजवतंय?"

मास्तरांचा हात खाली आला. बायको खिडकीतून वाकली.

"नवीनच आहेत," ती म्हणाली, "पण दम चांगला आहे."