दादांचे शेंगोळे

हुलगा म्हणजे बैलांचं खाणं, असं म्हणून नाक मुरडणारी माणसं मला अजून भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, सरळ जेवायला बोलावते. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं, तेलाच्या हातानं करंगळीएवढ्या वळ्या करायच्या, त्यांना कडबोळ्यासारखा वेढा द्यायचा आणि लसणाची झणझणीत फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. अर्ध्या तासानं पाणी दाट होतं, वळ्या मऊ शिजतात. झाले शेंगोळे. माझ्या हातचे खाताना आजवर कुणी ताट अर्धवट टाकलेलं नाही. पण ते मला मायनं शिकवले नाहीत, वडिलांनी शिकवले. त्यांना आम्ही दादा म्हणायचो.

आमचं गाव भोकरदनजवळ. घराला चुली दोन. आतली मायची आणि गोठ्यामागे तीन दगडांची दादांची. मायच्या गळ्यात तुळशीची माळ होती, लग्नाआधीपासूनची, त्यामुळे घरात अंडंसुद्धा यायचं नाही. दादांना मात्र बाजाराच्या दिवशी मटण लागायचं. मग ते आपलं आपण बाहेर शिजवायचे, आम्हा भावंडांना तिथेच वाढायचे, भांडी राखेनं घासून गोठ्यातच पालथी घालायचे आणि आम्हा सगळ्यांना चूळ भरायला लावून मगच उंबऱ्याच्या आत सोडायचे. माळकरी बाईच्या घरी अशीच रीत असायची, त्यात कुणाला नवल वाटत नसे.

"झाला का तुमचा होम?" माय आतून विचारायची.

"तू तुझ्या देवाचं बघ, मी माझ्या जिभेचं बघून राह्यलो," दादा म्हणायचे. दोघंही हसायची. त्यांचं भांडण असंच असायचं.

मी सातवीत असताना मायला खोकला लागला आणि तो काही हटेना. दादा तिला जालन्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी टी.बी. सांगितला, सुया आणि गोळ्या लिहून दिल्या, आणि अंगात ताकद नाही म्हणून रोज अंडी आणि मटणाचं सूप द्यायला सांगितलं. मायनं परतीच्या एसटीतच दादांना सांगून टाकलं की गोळ्या घेईन, बाकीचं नाही. घरी आल्यावर तिची ताटवाटी वेगळी काढली गेली. शेजारच्या बायका ओट्यावर यायच्या बंद झाल्या. माय दारापाशी बाजेवर पडून असायची, चतकोर भाकरी खायची आणि उरलेली माझ्याकडे सरकवायची. तिचे हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत वर जायच्या. मला तिच्याकडे बघायची भीती वाटायची.

दादांनी दोन-तीन आठवडे तिची मनधरणी केली. मग एके दिवशी दुपारी त्यांनी मला गोठ्यामागे बोलावलं. चुलीवर बकऱ्याचे पाय सकाळपासून शिजत होते. त्यांनी ते पाणी फडक्यातून गाळलं, त्यात तुरीच्या डाळीचं पाणी मिसळलं, वर भरपूर लसूण आणि हिंग टाकला आणि मायच्याच वाटीत ओतलं. आजारपणात तिच्या नाकाचा वास आणि तोंडाची चव दोन्ही गेली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

"हे मायला दे. डाळीचं पाणी हाय म्हण," ते म्हणाले. "दुसरं बिलकुल बोलू नको. तिला जगवायचंय आपल्याला. जा जल्दी, गार होईल."

मी वाटी घेऊन निघाले. आधीच सांगते, मला खरं बोलायची काही फार हौस नव्हती. शेजारच्या चिंचा पाडून वर तोंड करून खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता. आणि मला माय हवी होती, दादांना हवी होती त्याहून कांकणभर जास्तच. पण तिनं उठून बसत वाटी घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लई करून राह्यली गं माझं. बस जरा." मग वाटी तोंडाला लावली.

"माय, पिऊ नको," मी म्हणाले. "बकऱ्याचे पाय हायेत त्याच्यात."

तिनं वाटी खाली ठेवली. ती रागावली नाही, रडलीही नाही. "त्येंना नेऊन दे," एवढंच म्हणाली, "वाया नको जायला." दादा दाराच्या आडच उभे होते. त्यांनी येऊन वाटी उचलली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माय खोकली की मी उठून गोठ्यात जाऊन बसायचे. जे पिऊन ती बरी झाली असती ते मीच तिच्या हातातून काढून घेतलं होतं, आणि आता ती गेली तर माझ्यामुळे जाणार, असा माझा हिशेब होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

पाचव्या दिवशी सकाळी दादा अंघोळ करून ओल्या डोक्यानं घरात आले आणि थेट मायच्या चुलीपुढे बसले. त्या चुलीला त्यांनी जन्मात कधी हात लावला नव्हता.

"तुझं त्ये शेंगोळ्याचं कसं असतं, सांग," ते म्हणाले.

"तुम्हाला न्हाई जमायचं."

"तू सांग तर."

मग माय बाजेवरून सांगत गेली आणि दादा करत गेले. पीठ बराबर भिजलं, लसूण मी सोलून दिला. गडबड झाली ती वळताना. दादांचा हात दोर वळणारा. त्यांनी पिठाला जो पीळ घातला तो अंगठ्याएवढा जाड आणि हातभर लांब.

माय उठून बसली. "अवो, हे शेंगोळे हायेत का बैलाचं दावं?" म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता खोकली, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. ते शेंगोळे आतून कच्चे राहिले, तरी तिनं ताटलीभर खाल्ले आणि वर रसाही मागितला.

त्या हिवाळ्यात दादांनी जवळजवळ रोज शेंगोळे केले. आठवडाभरात पीळ सुटला, मग वळी बारीक झाली, मग एकदा पिठात ओवा घालायची अक्कलही त्यांनी स्वतःच काढली. जोडीला दूध होतं, शेंगदाणे होते. सुया आणि गोळ्या चालूच होत्या, त्यांचं श्रेय मी हुलग्याला देणार नाही. पण गोळी पोटात ठरायला आधी पोटात काहीतरी लागतं, आणि ते दादा घालत होते. माझ्याशी ते आता बोलायचे, पण कामापुरतंच, लसूण सोल, वळी बारीक कर, पाणी ठेव, एवढंच.

उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही जालन्याला गेलो. मायला हाताला धरायला म्हणून मलाही नेलं. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि खूश झाले.

"बघा," दादांना म्हणाले, "मटणाचं सूप दिलं की कसा फरक पडतो."

दादा पिशवीतले कागद चाचपायला लागले. मायनं पदर सारखा केला. "हो साहेब," ती म्हणाली. "ह्येंनीच रोज करून घातलं."

स्टँडवर माय नळावर पाणी प्यायला गेली. बाकावर आम्ही दोघंच होतो. मी हिय्या करून विचारलं, "दादा, तुम्हाला माझा राग हाय का अजून?"

"होता," ते म्हणाले. "चार दिवस लई होता." मग नळापाशी उभ्या मायकडे मान वळवली. "त्या दिवशी ती पिली असती, अन् मागून तिला कळलं असतं, तर बरी झाली असती ती, पर माझ्या हातचं पाणीबी पिली नसती पुन्हा कधी. म्या किती खायला घातलं तिला ह्या हिवाळ्यात. घालता आलं असतं का? तू मला वाचिवलं, बाई."

मी भर स्टँडवर हमसून हमसून रडायला लागले. लोक बघायला लागले. दादांना काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी धोतराचा सोगा घेतला आणि माझं नाक पुसलं.