चुका पोटात घालणारी जोडी

स्कीचं दुकान दिसलं की ऐंशीच्या दशकातल्या परदेशातल्या श्रूजबरी गावच्या आमच्या शेजारच्या काकू आठवतात. त्यांची पोरं असोत की आम्ही, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायच्या. जॅकेटच्या बाह्या दुमडायच्या, बुटांत कापूस कोंबायचा. स्की घेताना मात्र त्यांचं शास्त्र उलटं. स्की तळहाताने दाबून वाकवून बघायच्या. कडक लागली की नाक मुरडून परत. मग माझ्या हनुवटीला टेकणारी मऊ जोडी पुढे करायच्या. "ही घे गं. बर्फ कसाही असो, चुका पोटात घालते."

बाबांनी स्वतःसाठी मात्र ऐटीत लांबलचक, कडक जोडी घेतली आणि पहिल्याच उतारावर सगळ्यांदेखत आडवे होत राहिले. आम्ही पोरं खो खो हसलो. काकू हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी काकांच्या स्की घेऊन आल्या.

"भाऊजी, ह्यांना या आखूड होतात. नुसत्या पडून आहेत, वापरा."

काका बाबांपेक्षा वीतभर बुटके होते. बाबांनी एकदा काकांकडे, एकदा स्कीकडे पाहिलं. "बरं झालं, वहिनी," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी बाबा पहिल्यांदाच गुणगुणत उतार उतरले. काका दिवसभर उताराच्या पायथ्याशी, लॉजच्या उबेत कॉफी पीत बसले होते.