स्तंभावरचं सातवं नाव

ते प्रकरण अजून माझी पाठ सोडत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. पण ज्यात ना आरोपी होता, ना कलम, ना पंचनामा, ते हे एक प्रकरण गंगापूर रोडच्या माझ्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा समोर आला की हटकून आठवतं.

मी तेव्हा जिल्हा विशेष शाखेत फौजदार होतो. पासपोर्टच्या चौकश्या, मोर्च्यांचे अहवाल आणि कागदांचे ढीग, एवढंच काम. नाशिकला लागून असलेल्या एका गावानं बेचाळीसच्या चळवळीतल्या आपल्या सात भूमिगत कार्यकर्त्यांचा स्मृतिस्तंभ उभारायचं ठरवलं होतं. गाव फुलं पिकवणाऱ्यांचं. इंग्रजांचं राज्य, त्यात महायुद्ध चालू. अशा दिवसांत हे सात जण सरकारविरोधी पत्रकं झेंडूच्या पाट्यांच्या तळाशी घालून पंचवटीतल्या बाजारात पोचवत. आधी पाट्या वाहणारे तिघं पकडले गेले. चार दिवसांनी मळ्यातल्या झोपडीवर धाड पडली, छपाईचं यंत्र सापडलं आणि उरलेले चौघंही सापडले. त्यांचा म्होरक्या तुरुंगातच वारला.

स्तंभाचं काम सुरू झालं आणि कचेरीत निनावी पत्र आलं: ‘कोरताय त्या नावांत एक फितुराचं आहे.’ साहेबांनी त्यावर शेरा मारला, ‘चौकशी करून अहवाल सादर करावा.’ पन्नास वर्षांपूर्वीचं मढं उकरायचं काम असं माझ्या गळ्यात पडलं.

आमचे हवालदार निवृत्तीला टेकलेले, पण कागद शोधण्यात पटाईत. उंदरांनी कुरतडलेल्या गठ्ठ्यांतून त्यांनी त्या वेळच्या फौजदाराची रोजनिशी काढली. धाडीच्या आदल्या दिवशीची नोंद अशी होती: ‘तिघांपैकी एका इसमास मारहाण व्यर्थ. आज चहा दिला. घरचे क्षेम विचारले. आईस दमा, थंडीत बसून रात्र काढते. औषध पोचविण्याची हमी दिली. बोलला.’ नाव नव्हतं. माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, हा खात्याचा जुना नियम.

“तिघांतला एक वारला,” हवालदार म्हणाले. “राहिले मास्तर आणि मळ्यातले बाबा. मला विचाराल तर मास्तर. लय बोलतो तो माणूस.”

मलाही तसंच वाटलं. मास्तरांनी दोन तास भाषण ठोकलं, पाठीवरचे वळ दाखवले. जाता जाता सहज आईचं विचारलं, तर ती त्यांच्या जन्माच्या वेळीच गेलेली. माझा अंदाज साफ चुकला.

बाबांना कचेरीत बोलावलं. स्वच्छ धोतर, टोपी, खुर्चीच्या काठावर बसलेले. आधी मी आवाज चढवला. “आठवत नाय, साहेब,” यापलीकडे शब्द नाही. मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. दोन चहा मागवले, फाईल मिटली आणि विचारलं, “बाबा, तब्येत कशी असते?”

“बरी हाय. थंडीत छाती भरती जरा. आईला दमा व्हता ना, तिचंच आलं. ती तर बसूनच रात काढायची.”

माझ्या हातातलं पेन थांबलं. बाबांनी पेनाकडं पाहिलं, मग कपाकडं.

“तुमी पण चहाच पाजला, साहेब,” ते म्हणाले.

मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. मग ते आपणहून बोलू लागले. “तीन दिवस मार खाल्ला, लय खाल्ला, पण तोंड उघडलं नाय. चौथ्या दिवशी त्या फौजदारानं खुर्ची दिली, चहा दिला, आईचं इचारलं. मला वाटलं, माणूस चांगला हाय.”

“औषध पोचलं का?”

“पोचलं ना. दर महिन्याला बाटली यायची. आई दोन हिवाळे जगली त्याच्यावर.”

तो फौजदार खोटारडा निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

“माझं नाव काढा,” बाबा हात जोडून म्हणाले. “गावानं घातलं, मी नाय मागितलं. पण कारण सांगू नका, साहेब. म्होरक्याची बायको अजून हाय. रोज देवाला माझ्या मळ्यातली फुलं नेती. तिला कळलं तर मी कसा जगू?”

मी त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला, की मी फक्त पाट्या वाहिल्या, माझं नाव नको. अहवालात लिहिलं, ‘तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.’ सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटं लिहिण्याची माझी ती एकच वेळ. पत्र कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण मला वाटलं, प्रकरण मिटलं.

पण गावाला कोण आवरणार? एवढं करूनही नाव नको म्हणतो, केवढं मोठं मन, अशी चर्चा झाली. म्होरक्याच्या बायकोनं सांगितलं, स्तंभावरचा पडदा बाबांच्याच हातून उघडायचा, नाहीतर मी येत नाही. बंदोबस्ताला मीच होतो. बाबांनी दोरी ओढली ती मान खाली घालूनच. लोकांना तो विनय वाटला. सहा नावं दिसली, टाळ्या झाल्या, आणि त्या बाईंनी वाकून बाबांना नमस्कार केला.

नंतर मांडवात चहा फिरला. बाबांनी घेतला नाही. माझ्यापाशी येऊन एवढंच म्हणाले, “मार बरा व्हता, साहेब.”

चौकशीत मारणं वाईट, हे आम्हाला शिकवलं होतं आणि ते खरंच आहे. पण मार खाल्लेला माणूस निदान मारणाऱ्याला शिव्या तरी देऊ शकतो. आपुलकीनं फोडलेल्या माणसाला जन्मभर स्वतःलाच शिव्या द्याव्या लागतात. पुढच्या नोकरीत जबाब संपून सही झाल्याशिवाय मी समोरच्याला कधी चहा विचारला नाही. खात्यात मला शेवटपर्यंत कंजूष फौजदार म्हणत.