मान हलवणारी आई आणि फोनवाली मावशी

आमच्या गावच्या, गोरेगावच्या एसटीडीवाल्या मावशीनं मला परदेशात तगवलं. मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिचं दुकान मी गाव सोडल्यावर निघालं. नववीतच शाळा सुटली आणि पुढं काही वर्षांनी मी मस्कतला एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकायला गेलो.

शुक्रवारी खोलीतला नेपाळी दोस्त त्याच्या फोनकार्डावर उरलेली मिनिटं मला द्यायचा. मावशी कुणाला तरी धाडून आईला बोलावून घ्यायची. पण आई फोनवर बोलायचीच नाही. काही विचारलं की नुसती मान हलवायची, जणू मी समोरच बसलोय. मग मावशी हसायची.

"व्हय म्हणून राहिली रे! अगं बाई, तोंडानं बोल की. त्याला तिकडं काय दिसतंय?"

आई आजारी पडली, तेव्हा मी विचारलं, "आई, परत येऊ का?" पासपोर्ट मालकानं ठेवून घेतला होता, सुट्टी मिळणार नव्हती, तरी विचारलं.

"मावशी, काय म्हणती ती?"

"मान तर न्हाई म्हणून राहिली, लेकरा," मावशी हळू बोलली. "पण माझा पदर धरलाय तिनं. सोडूनच न्हाई राहिली."

मला जाता आलं नाही. पुढं एका शुक्रवारी मावशीनं आईला बोलवायला कुणाला धाडलंच नाही. "शेवटाला मी होते तिच्याजवळ," एवढंच म्हणाली.

अजून शुक्रवार आला की जीव घाबरा होतो. एक दिवस गोरेगावला जाईन, मावशीला चांगली साडी नेईन. तिला कोणता रंग शोभतो, हे मात्र मला माहीत नाही.